कोण राहिलंय का?

लालबागच्या चाळीत पूजेची पंगत उठायच्या आधी दर्शना राऊळ गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊन ओरडते, "जेवायचं कोण राहिलंय का रे?" कोणी उपाशी परत गेलं तर तिचं डोकं फिरतं.

नोकरीत ती प्रोग्रॅमर. यंदा मंडळाने सोशल मीडियावर चाळीचा जुना फोटो टाकला आणि चाळ सोडून गेलेल्यांना खाली नावं लिहायला सांगितली. शेकडो कॉमेंट आल्या. पूजेच्या आमंत्रणासाठी ती नावं गोळा करायचा कोड दर्शनाने लिहिला. साइट सगळं एकदम देत नाही. एकेक पान देते, आणि पुढे पान असेल तर सोबत त्याची खूण पाठवते.

शेजारचा धनेश म्हणाला, "अगं, विरारच्या शेवंतामावशीचं नाव नाही यात!"

"साइटच भंगार आहे," दर्शना तडकली. मग कोड उघडला आणि एकेक पान तपासलं. मधल्या एका पानावरच्या कॉमेंट साइटने लपवल्या होत्या, म्हणून ते पान रिकामं आलं होतं. पुढची खूण सोबत असूनही तिचा कोड सगळं संपलं समजून उठला होता.

"एक पान रिकामं दिसलं म्हणून मी कधी पंगत उठवली होती का रे?" आता ती स्वतःवरच चिडली. खूण येते तोवर मागत राहायचं, असं तिने कोडात लिहिलं आणि त्या फंक्शनला नाव दिलं, 'कोण राहिलंय का'.

नावं पुन्हा येऊ लागली. अगदी शेवटच्या पानावर मावशी भेटली: "माझां पान मांडून ठेवा, मी येतंय."