मनूबियाच्या विहिरीचं पाणी

सतराव्या वर्षी लग्न होऊन मनूबिया बीर रोमाना या गावी आली, तेव्हा सासरची जमीन म्हणजे निव्वळ वाळू होती. समुद्र पाऊण तासाच्या चालीवर. मूठभर माती उचलली की बोटांमधून गळून जाई, आणि कितीही पाणी घाला, क्षणात पिऊन पुन्हा कोरडी. सासरा दर वर्षी थोडी मिरची लावी आणि दर वर्षी नशिबाला बोल लावी. मनूबिया डोंगराकडची, मेंढरं राखणाऱ्यांची लेक. पहिल्याच हिवाळ्यात तिनं गाढवाच्या पाठीवर दोन पाट्या टाकल्या आणि आसपासच्या वाड्यांमधून मेंढ्यांचं लेंडीखत गोळा करायला लागली.

"लोकांच्या सुना अंगावर सोनं घालून येतात," सासरा अंगणात बसून म्हणाला, "आमची उकिरडा घेऊन आली."

तिसऱ्या वर्षी त्याच वाळूत मिरची तिच्या कमरेला लागली. सप्टेंबरात घराची पुढची भिंत मिरच्यांच्या माळांनी इतकी लाल झाली की रस्त्यावरून जाणारे थांबून बघत. मग तोच सासरा येणाऱ्याजाणाऱ्याला ओढून शेतात नेऊ लागला.

तिच्या नवऱ्यानं, हत्ताबनं, शेताच्या कोपऱ्यात विहीर खणली. सात पुरुष खोल. पाणी असं गोड लागलं की रमजानात रोजा सोडायला अर्धं गाव तिथून घागरी भरून नेई. मनूबियाला त्याचा अभिमान होता, मिरचीपेक्षाही जास्त.

पुढे मोठ्या रस्त्याला कोंबड्यांच्या शेड झाल्या. मेंढरं कमी झाली, पण कोंबडीखत ट्रकनं येऊ लागलं. जोरदार खत. ते टाकल्यावर आठवड्यात पानं काळीभोर होत. मनूबिया ढीग विहिरीला लागूनच घाली, कारण गाडीवाट तिथं संपायची आणि खत भिजवायला पाणी हाताशी असायचं. पावसाळी हिवाळ्यात ढिगाखालून तपकिरी ओघळ निघत आणि बघता बघता वाळूत जिरून जात. जमीन खत खातेय, असं तिला वाटे आणि बरं वाटे. गावातले लोक तिला विचारायला येत. किती टाकायचं, कधी टाकायचं. वरच्या अंगाच्या हाज मोंगीनं तर स्ट्रॉबेरी लावली तीच तिला विचारून. "हात आखडू नकोस," ती सगळ्यांना सांगे. "ही वाळू आहे, हिचं पोट भरत नाही."

हत्ताब गेला. मुलगा रिधा शेत बघू लागला. त्याच्या लग्नाला आठ वर्षं झाली आणि मग त्याच्या बायकोला, ओल्फाला, मुलगी झाली, सिरीन. ओल्फाला दूध पुरेना, म्हणून डब्यातलं सुरू केलं. त्यासाठी लागणाऱ्या पाण्याची जबाबदारी मनूबियानं आपल्याकडे घेतली. नळाला आठवड्यातून दोनदा पाणी येई आणि त्याला औषधाचा वास येई. नातीच्या तोंडी ती ते लागू देईना. ती रोज सकाळी विहिरीचं पाणी काढी, फडक्यानं गाळी आणि उकळत ठेवी. साधं उकळून तिचं समाधान होत नसे. पातेल्यातलं पाणी अर्ध्यावर येईपर्यंत ती चुलीपाशी उभी राही.

सिरीन दोन महिन्यांची झाली तेव्हा तिचे ओठ निळसर दिसू लागले. थंडी असेल म्हणून मनूबियानं आणखी एक शाल गुंडाळली. मग नखं निळी झाली. एका दुपारी पोर राखेच्या रंगाची पडली आणि रडायचीही थांबली. रिधानं शेजाऱ्याची गाडी घेतली आणि तिघं तिला नाबूलच्या इस्पितळात घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होती. तिनं सुई लावून रक्त काढलं. ते लाल नव्हतं. कॉफीच्या गाळासारखं होतं.

"बाळाला दूध कुठलं देता?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

"डब्यातलं," मनूबिया म्हणाली.

"आणि पाणी?"

"आमच्या विहिरीचं. पण मी उकळून देते बाई. अर्धं होईपर्यंत उकळते."

डॉक्टरीणबाईनं हळू आवाजात विचारलं, "विहिरीजवळ खत पडतं का?"

"आमचंच आहे. कोंबडीखत."

"खाला," मावशीला हाक मारावी तशी ती म्हणाली, "उकळल्यानं जंतू मरतात. हे जंतू नाहीत. खतातलं नायट्रेट पाण्यात विरघळून खाली उतरतं. पाणी आटतं, ते मात्र उरतं. जितकं उकळाल तितकं दाट होतं. मोठ्यांना तेवढं जाणवत नाही, तान्ह्या बाळाच्या रक्ताला मात्र त्यामुळे प्राणवायू पोचवता येत नाही."

सलाईनमधून एक गर्द निळं औषध सोडलं. तासाभरात सिरीनच्या गालांवर रंग आला आणि ती भुकेनं रडू लागली. रिधा कपाळ टेकून देवाचे आभार मानत होता. मनूबिया बाकावर आपल्या दोन्ही हातांकडे बघत बसली होती. पातेलं तिनंच चढवलं होतं, रोज, न चुकता.

घरी आल्यावर तिनं फावडं घेतलं आणि विहिरीजवळचा ढीग एकटीनं दुसऱ्या टोकाला नेला. पाच दिवस लागले. रिधा मदतीला आला तर तिनं त्याला हाकललं. मग शेतकी खात्याचा माणूस बाटलीत पाणी भरून घेऊन गेला आणि महिन्यानं कागद घेऊन आला. लिटरला पन्नास मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं, तिच्या विहिरीत दोनशे ऐंशी निघाले होते.

"ढीग हलवला आहे," मनूबिया म्हणाली. "आता आकडा कधी उतरेल?"

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "खाला, वर टाकलेलं खाली पोचायला वर्षं लागतात. आज तुमच्या घागरीत आहे ते दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं खत."

"आणि त्यानंतर टाकलं ते?"

"ते अजून वाटेत आहे."

ती मोंगीकडे गेली. त्याचं शेत तिच्या वरच्या बाजूला, म्हणजे तिथलं पाणी उतरणार ते तिच्याकडेच. मोंगी चिडला नाही. त्यानं तिला चहा दिला.

"मनूबिया, मला खत टाकायला कोणी शिकवलं? तूच ना? पोर बरी झाली, देवाचे आभार मान. मी थांबलो तर माझ्या वरचा थांबेल का? आणि त्याच्या वरचा?"

चहा संपवून ती परत आली.

आपल्या शेतात तिनं खत बंद केलं. पहिल्या वर्षी मिरची गुडघ्याएवढी राहिली. दुसऱ्या वर्षी ती बहिणीकडे गेली असताना रिधानं अर्धा ट्रक उतरवून घेतला. परतल्यावर तिला वास आला. ती दारात उभी राहून बघत राहिली आणि मग आत जाऊन बहिणीकडून आणलेलं गाठोडं सोडायला लागली. तिसऱ्या वर्षी शेतकी खात्याच्या कागदावर तीनशे दहाचा आकडा आला.

घरात पिण्यासाठी विकतच्या पाण्याचे कॅन येऊ लागले. ओल्फा तिला एका शब्दानं लागेल असं बोलली नाही. पण सिरीनचं सगळं ती स्वतः करी, आणि मनूबिया स्वयंपाकघरात आली की पोरीच्या पेल्यावर झाकण ठेवी. ते तिच्या हातून आपसूकच होत असावं. मनूबियाला ते दर वेळी दिसे. हळूहळू ती चुलीपाशी जायचीच बंद झाली. बाहेर अंगणात बसून मिरच्या ओवायची.

चौथ्या वर्षी मोंगीची मुलगी अमाल बाळंतपणाला माहेरी आली. मनूबिया अंडी घेऊन तिला भेटायला गेली.

"पोरी, बाळाला वरचं दूध लागलं तर विहिरीचं पाणी घालू नकोस. उकळून तर नकोच नको."

अमाल हसली. "खाला, अब्बा म्हणालेच होते की तू हे सांगशील. मला दूध भरपूर येईल, सगळे म्हणतात."

"येऊ दे. पण नाहीच आलं तर."

"बरं, नाही घालणार," अमाल म्हणाली. आजारी माणसाचं मन राखावं तशी. तिनं समोर पाण्याचा पेला ठेवला. बाहेर त्यांच्या विहिरीच्या रहाटाची दोरी ओली होती. मनूबियानं दोरीकडे एकदा बघितलं आणि पेला तोंडाला लावला. पाणी गोडच होतं.

परत येताना वळणावर एक ट्रक थांबला. मागे ताडपत्रीखाली खत होतं, त्याची वाफ निघत होती. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"आई, हाज मोंगीचं शेत कुठलं?"

मनूबियानं हात वर केला आणि त्याला वाट दाखवली.