जांभळ्या कापडाखालचे कपाळ

जानेवारीचा तिसरा शनिवार, दुपारी तीन: आमच्या घरातील एक चित्र उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवण्यात आले. जबाबदार, येथील मराठी मंडळाच्या सचिवबाई. तोच दिवस, पाचच्या सुमारास: घरच्या मालकिणीला, म्हणजे माझ्या मुलीला, तिच्याच दिवाणखान्यात हळदीकुंकू लावण्यात आले नाही. जबाबदार, उपस्थित सर्व. पुढचा मंगळवार: माझ्या तीन पानी पत्राला मोबाइलवर दोन ओळींचे उत्तर आले. जबाबदार, पुन्हा सचिवबाई. पहिल्या दोन्ही प्रसंगी मी तेथे हजर होतो आणि गप्प होतो. जबाबदारांत मलाही धरावे.

चित्र जपानी आहे, लाकडी ठशांनी छापलेले. त्यात काबुकी नाटकातला एक नट स्त्रीवेशात बसला आहे. माझ्या जावयाने ते क्योटोच्या एका दुकानातून आणले होते. जावई गेला, आणि त्याची तीन चित्रे सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले. येथे ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडचे ऊन जुना गुलाबी रंग खाऊन टाकते, म्हणून मी एका वेळी एकच चित्र टांगतो, तेही प्रवेशाच्या अंधाऱ्या बोळात. चार महिन्यांनी ते कपाटात जाते आणि दुसरे बाहेर येते. जानेवारीत पाळी या नटाची होती. त्याच्या कपाळावर जांभळ्या कापडाचा एक तुकडा आहे आणि कापडाच्या कडेला भादरलेली त्वचा दिसते.

आयुष्यभर न्यायालयात कारकुनी केल्यामुळे या कापडामागचा हुकूम मला नटापेक्षाही प्रिय आहे. तिकडच्या सरकारने आधी स्त्रियांना रंगभूमीवर बंदी केली, मग कोवळ्या मुलांना. उरलेल्या पुरुषांनी मोहक दिसू नये म्हणून पुढचे केस भादरावेत, असे फर्मान काढले. नटांनी केस भादरले, वर जांभळे कापड बांधले आणि ते स्त्रीभूमिका करीत राहिले. हुकूम अक्षरशः पाळून हुकूम करणाऱ्याला हरवण्याचा इतका देखणा दाखला मी दुसरा पाहिलेला नाही.

त्या शनिवारी मंडळाला हॉल मिळाला नव्हता. स्प्रिंगफील्ड लेक्समधले आमचे घर मुलीने आपणहून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दिले. सचिवबाई तयारीसाठी लवकर आल्या आणि दारातच थबकल्या.

"काका, हे जरा फिरवून ठेवू का? म्हणजे आम्ही असलं काही मानत नाही हं. पण दोन-तीन काकू येणार आहेत, त्या मानतात. सवाष्णी आत येणार आणि समोर डोकं भादरलेली बाई..."

मुलगी तिळगुळाचे ताट घेऊन मागेच उभी होती. तिने ऐकले. "ठेवा ना फिरवून, नो वरीज," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

नात माझ्या कानाशी लागली. "आजोबा, ही इज अ मॅन. टेल देम."

मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. पाहुण्यांचा मान ठेवण्याची ही आमची रीत, आणि या रीतीआड आम्ही काय काय गिळतो, हे त्या पोरीला कोण समजावणार?

चित्र चपलांच्या रॅकशेजारी पाठमोरे उभे राहिले. पाच वाजता करंडा फिरू लागला. मुलगी रांगेतच बसली होती. कुंकवाचे बोट तिच्यासमोर आले, क्षणभर हवेत थांबले आणि शेजारणीकडे वळले. तिने उठून सगळ्यांना वाण वाटले. चटणीच्या त्या बरण्या तिने दोन आठवडे शोधून आणल्या होत्या.

मी पत्र लिहिले. हुकुमाचा आणि जांभळ्या कापडाचा इतिहास त्यात पूर्ण दिला. येथे माझी चूक झाली हे आज कबूल करतो, कारण उत्तर असे आले: "काका, सॉरी हं! तो पुरुष आहे हे खरंच माहीत नव्हतं. पुढच्या वेळी राहू दे तिथेच."

म्हणजे नट निर्दोष सुटला, कारण तो विधवा नव्हता. माझ्या मुलीकडे असा पुरावा नाही.

"बाबा, सोडा ना आता," ती म्हणते. "इथे माणसं किती आहेत आपली?" तिचे हे म्हणणे मी पुष्कळ दिवस मानले. आता मानणार नाही. मे महिन्यात चित्राची पाळी संपली, तरी मी ते उतरवले नाही. ऊन त्याचा थोडा गुलाबी रंग घेईल, घेऊ दे. पुढच्या संक्रांतीला हे घर पुन्हा उघडे असेल. त्या दिवशी करंडा प्रथम माझ्या मुलीच्या हाती असेल. ज्यांना ते चालणार नाही, त्यांनी दारातल्या नटाला तसे सांगून परत जावे.

सचिवबाई, मला खाजगीत क्षमा नको. मंडळाच्या वार्षिक सभेत, माझ्या मुलीसमोर, उभे राहून एकाच प्रश्नाचे उत्तर द्या: चित्रातली ती व्यक्ती खरोखरच विधवा असती, तर आपण तिला भिंतीकडे तोंड करून ठेवले असते की नाही? उत्तर हो किंवा नाही असे असावे, आणि ते इतिवृत्तात नोंदवले जावे.