चौकातला पांढरा कागद

आमच्या चौकात गणपती मंडळाचा भला मोठा फ्लेक्स लागलाय. आज त्यावरच्या एका चेहऱ्यावर पांढरा कागद चिकटवलेला दिसला. चेहरा आरतीला येणाऱ्या अभिनेत्रीचा. कागदाखाली तिचे जोडलेले हात तेवढे उरलेत.

तिचा गुन्हा काय, तर पलीकडच्या वस्तीतला एक रिक्षावाला पोलीस कोठडीत मार खाऊन मेला आणि ती एका कार्यक्रमात म्हणाली, "त्याला कुणी मारलं ते सांगा." लगेच पोलिसांच्या संघटनेचं पत्रक निघालं. बाईंनी खाकीचा अपमान केलाय, माफी मागेपर्यंत त्या जातील तिथे बंदोबस्त मिळणार नाही.

मंडळाचे अध्यक्ष फ्लेक्सखालीच उभे होते. मला म्हणाले, "बाई खोटं बोलल्या असं नाही हो. पण मिरवणुकीची परवानगी शेवटी ठाण्यातूनच घ्यायचीय ना!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बंदोबस्त म्हणजे काय यांच्या घरचं लग्न आहे, रुसले की आमंत्रण द्यायचं नाही? माणूस मेला तेव्हा खाकीचा अपमान झाला नाही, आणि कसा मेला असं विचारल्यावर झाला?

आमच्या या चौकात कुणाचा कुत्रा मेला तरी 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लागतो. त्या रिक्षावाल्याचा लावायची कुणाची छाती झाली नव्हती.

मी पुन्हा वर पाहिलं. लागला की आज! चेहऱ्याच्या जागी कोरा कागद, आणि खाली जोडलेले दोन हात.