इंजिनाची पलीकडची बाजू

माझ्या सुपारीच्या दिवशी माझे होणारे सासरे भरल्या बैठकीत म्हणाले, "तुमचं बरंय हो व्याही. आम्ही पुढं राहून गाडी ओढायची, डोळ्यांत तेल घालून रूळ बघायचे. तुम्हाला काय, मागून नुसता धक्का मारायचा." बैठक हसली. माझे बाबाही हसले. मी माजघरात विड्याच्या पानांना चुना लावत होते, ते पान माझ्या हातात फाटलं.

सासरे इगतपुरीचे, पॅसेंजर गाडीवर ड्रायव्हर. बाबा कर्जतला ड्रायव्हर, पण त्यांचं इंजिन गाडीच्या शेपटाला लागायचं. कर्जतला गाडी आली की मागून इंजिन जोडायचं आणि घाट चढवून द्यायची. त्याला सगळे बँकर म्हणत. गाडी वर पोचली की बँकर सुटून एकटा उलट्या पावली खाली यायचा, पुढच्या गाडीला लागायचा. बाबांचा अर्धा जन्म ह्यात गेला होता. पण त्याबद्दल ते घरी चकार शब्द बोलत नसत. विचारलं तर म्हणत, "गेलो, आलो. त्यात सांगायचं काय?"

मी मात्र तशी नव्हते. नाकावर माशी बसलेली मला खपत नसे. पाहुणे गेल्यावर मी आईला म्हटलं, "बाबा काहीच कसे बोलले नाहीत?" आई म्हणाली, "व्याह्यांना काय बोलायचं असतं? मुलीची बाजू आहे आपली." मुलीची बाजू म्हणजे तोंड शिवलेली बाजू, असा कायदा कुठं लिहिलाय ते मला कळेना. त्या रात्रीच माझ्या मनानं घेतलं की लग्नात ह्या माणसाला बाबांचं इंजिन दाखवायचं. रुखवतात मांडायचं.

आता इंजिन कुठून आणायचं? तर ते घरातच होतं. शेडमधला एक गोरा फोरमन विलायतेला परत जाताना बाबांना लाकडी पेटी देऊन गेला होता. आत पितळेच्या छोट्या इंजिनाचे सुटे भाग. बाबांनी सवडीनं ते जोडलं, चाकं फिरती केली. पण पेटीत होतं तेवढं सगळं मोठं मोठं. बारीक काम ज्याचं त्यानं करायचं होतं, आणि बाबांच्या बोटांना ते जमणारं नव्हतं. तेव्हा हातभर लांबीचं ते इंजिन तसंच बोडकं, धोतरात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी पडलं होतं. ना शिट्टी, ना कठडा, ना पत्रे जोडणारी एक रिबीट. बाबांच्या इंजिनाची नुसती हाडं म्हणा.

आजकालच्या मुलींना सांगावं लागतं, रुखवत म्हणजे नवरीच्या हातचं काम. तिच्या हाताची कला मांडवात मांडायची, वरपक्षानं वाकून वाकून बघायची आणि नाकं मुरडायची. कुणी मण्यांचं तुळशीवृंदावन करी, कुणी खव्याचा मोर. आईला मी इंजिनाचं सांगितल्यावर तिनं कपाळावर हात मारला. "अगं, बायका मोर करतात." म्हटलं, मोर इगतपुरीलाही असतील. ती हसली, आणि बाबांना ह्यातलं काही कळू द्यायचं नाही असं आमचं ठरलं. बाबा ड्यूटीवर गेले की दुपारची ट्रंक उघडायची, ते यायच्या आत बंद करायची.

काय सांगू ते दिवस! मला तहानभूक सुचेना. खालापूरच्या मामानं सोनाराकडून पितळेची बारीक तार ओढून आणून दिली, तिचा मी बॉयलरभोवती कठडा केला. कठड्याचे खांब म्हणजे माझ्या टाचण्या. भोक पाडून आत खोचायच्या, डोकं बाहेर ठेवायचं. वाफेच्या नळाला फिरवायचं चाक हवं होतं, तर माझ्या जुन्या कुड्यांची फिरकी बरोब्बर बसली. रिबिटांसाठी पत्रा पाटावर उपडा घालून आतून दाभणानं हलके हलके दाबायचा, की बाहेरच्या अंगाला दाणा उठतो. पहिल्या ओळीतले दाणे दारू प्यायल्यागत वाकडे गेले. मी पत्रा फेकून दिला, मग आपणच उचलून आणला. दुसरी ओळ सरळ आली तेव्हा मी चुलीपुढं बसलेल्या आईला मिठी मारली, भाकरी करपली. रात्री डोळे मिटले तरी मला दाणेच दिसत.

हे सगळं इंजिनाला चिकटवायचं कसं, तो प्रश्न कल्हईवाल्या चाचांनी सोडवला. चाचा भिसेगावचे, रुळांपलीकडचे. आमच्या चाळीत भाता मांडला की भांड्यांबरोबर माझंही काम करून देत. तांब्याची कांडी तापवायची, नवसागर लावायचा, कथलाचा थेंब सोडायचा. चुर्र करून धूर आला की तुकडा जागी बसलाच. थोड्या दिवसांनी कांडी त्यांनी माझ्याच हातात दिली. बोटं पोळली, पण मला ते पोळणंही आवडे.

हळदीच्या आदल्या दिवशी इंजिन पुरं झालं. धुराडं, शिट्टी, दिवा, बफर, आणि इंजिन पुढं-मागं घ्यायचा तो लांब दांडा, दोन्ही अंगांना एकसारखा. मी ते चाचांसमोर ठेवलं आणि शाबासकीची वाट बघत बसले. चाचांनी एका बाजूनं पाहिलं, मान डोलावली. इंजिन फिरवलं आणि थांबले.

"पोरी, ह्या अंगाला दांडा नसतो गं."

"नसतो कसा? रोज बघते मी."

"मी बी रोज बघतो. ह्या अंगाला पाण्याचा वाकडा नळ हाय. न् टाकीला ठिगळ हाय."

माझं डोकंच फिरलं. माझ्या बापाच्या इंजिनाला ठिगळ? मी म्हटलं, "चाचा, तुम्ही दुसरंच कुठलं तरी इंजिन बघितलं असेल. बाबांचं इंजिन मी डोळे मिटून ओळखते." चाचा चिडले नाहीत. भात्याचं तोंड साफ करत म्हणाले, "तुमच्या चाळी ह्या बाजूला, आमचं घर त्या बाजूला. इंजिन वर जातं ते तोंडानं, खाली येतं ते पाठीनं. वळतंय कुठं ते?"

खरंच की. ते इंजिन कधी वळतच नव्हतं. जन्मल्यापासून मी त्याची एकच बाजू पाहत आले होते. दुसरी बाजू मी मनानंच पहिलीसारखी धरली होती, आपल्याला दोन कान असतात तशी. आणि उद्या हळद लागली की नवरीनं उंबरठा ओलांडायचा नाही. परवा सासरे येणार, इंजिनावर जन्म काढलेला माणूस, दोन्हीकडे दांडे बघणार आणि मांडवभर हसणार. मागून धक्का मारणाऱ्याला आपलं इंजिनही धड ठाऊक नाही म्हणणार.

मी आईला म्हटलं, "चाचींना अक्षत द्यायची राहिलीय. मी देऊन येते." आईनं एकदा माझ्याकडे, एकदा चाचांकडे पाहिलं आणि म्हणाली, "तासाच्या आत ये." चाचा पुढं, मी अक्षतांची वाटी घेऊन मागं, अशी आमची वरात फाटकातून पलीकडे गेली.

बाबांचं इंजिन सायडिंगला उभं होतं. बाबा शेडमध्ये सही करायला गेले असणार, वर नुसता फायरमन होता, तोही आगीत डोकं घालून. मी तारेच्या कुंपणाला धरून उभी राहिले. ते माझं इंजिन होतं आणि नव्हतंही. दांडा नव्हता. वाकडा तांब्याचा नळ होता, त्याच्याखाली हत्यारांची पेटी, आणि टाकीच्या मधोमध पाटाएवढं ठिगळ. चहूकडून जाड जाड रिबिटा, एका कोपऱ्यात पत्रा अजून आत दबलेला. चाचा शेजारी उभे होते. "म्या सांगितलं न्हवतं?" असं ते म्हणू शकले असते, पण म्हणाले नाहीत. मी रिबिटा मोजल्या आणि त्या विसरू नयेत म्हणून आकडा पुटपुटत राहिले. चाचींनी हातावर साखर ठेवली, लेकरा सुखी राहा म्हणाल्या, तरी मी पुटपुटतच होते. नवरी भेदरलीय असं त्यांना वाटलं.

घरी येऊन खोटा दांडा उपटला. नळ वाकवला, पेटी डकवली. राहिलं ठिगळ. फुटक्या करंड्याचं झाकण कापून मी ते तयार केलं, दाणे पाडले, कोपरा दाबला, आणि हातात घेऊन बसून राहिले. लग्नाच्या मांडवात कुणी ठिगळ मांडतं का? सासऱ्यांच्या तोंडात आयतं कोलीतच. न लावलं तर कुणाला कळणार होतं? पण मग ते बाबांचं इंजिन राहिलं नसतं, कुणाचंही झालं असतं. असेल तर असेल ठिगळ, असं स्वतःशीच मोठ्यांदा म्हटलं आणि कथील सोडलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी रुखवत मांडलं, पण ते बघायला मी बाहेर नव्हते. नवरी गौरीहरापाशी बसते, हातात तांदूळ घेऊन, आणि मुहूर्तापर्यंत उठत नाही. मधे फक्त कारवीच्या कुडाची भिंत. पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. आई दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. मी तांदूळ वाहायचे सोडून कान कुडाला लावला.

आधी बायकांची कुजबुज. मग बाबांचा आवाज, "अरे, हे..." मग जड पावलं आली आणि सासरे बोलले, "वा. हे कुणी केलं?" कुणीतरी म्हणालं, नवरीनं. कपड्यांची सळसळ झाली, बहुतेक ते गुडघ्यावर बसले असावेत. मग म्हणाले, "कठडा झकास. रिबिटा झकास. पण व्याही, हे ठिगळ कसलं? पोरीचा हात चुकला वाटतं, झाकलंन."

एकदोघे हसले. माझ्या मुठीत तांदूळ घामानं भिजले. आता बाबा हसतील, मला वाटलं. हसतील आणि पान पुढं करतील.

"हात नाही चुकला," बाबा म्हणाले. "आहे तसं केलंय तिनं. पावसाळा होता. बोगद्याच्या तोंडाशी दरड आली. एक धोंडा टाकीवर बसला, पत्रा फाटला. पाणी भडाभडा जायला लागलं. फायरमनचा खांदा निखळला."

"मग?"

"मग काय. पुढं माणसांनी भरलेली गाडी. मी ढकलायचं सोडलं असतं, तर पुढच्या एकट्याला तो चढ पेलला नसता. धोंडे अजून येतच होते, तिथं गाडी उभी करायची कशी? पाणी पुरेल तेवढं पुरेल म्हटलं. एका हातानं कोळसा टाकला, एका हातानं इंजिन धरलं. नेली वर."

"आणि पुढचा ड्रायव्हर?"

"त्याला वर पोचल्यावर कळलं."

मी कुडाच्या फटीला डोळा लावला. सासरे इंजिनापुढं बसले होते आणि अंगठ्यानं ते ठिगळ चाचपत होते, अगदी सावकाश. मग ते उठले, डोक्यावरचा फेटा सारखा केला आणि म्हणाले, "सुपारीच्या दिवशी मी जे बोललो, ते पुढच्या माणसाचं बोलणं होतं." बाबांनी दोन्ही हात जोडले. सासऱ्यांनी ते हात आपल्या हातांत धरले आणि सोडीचनात. भटजी घसा कोरडा करून ओरडत होते की मुहूर्त टळतोय.

मला नाचावंसं वाटत होतं. गौरीहरापाशी नाचता येत नाही म्हणून मी उरलेले तांदूळ देवीवर एकदम उधळले आणि आईला म्हणायला वळले, की ऐकलंस का, बोलले की नाही बाबा. आई दारात तशीच उभी होती. ताटातलं निरांजन कलतं झालं होतं आणि तिचं लक्ष नव्हतं.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. कन्यादानाला आईबाबा शेजारी शेजारी बसले. बाबांनी ओंजळ पुढं केली, आईनं वरून पाण्याची धार धरायची होती. भटजी म्हणाले, पाणी. आईनं झारी उचलली, पण वाकवली नाही. ती बाबांकडे बघत होती. ओठ न हलवता तिनं विचारलं, "कधीची गोष्ट?"

बाबा खाली बघत म्हणाले, "ही रांगत होती."

भटजी पुन्हा म्हणाले, पाणी. आईनं धार सोडली. नजर बाबांवरच होती, त्यामुळं पाणी ओंजळीत थोडं आणि माझ्या पिवळ्या लुगड्यावरच जास्त सांडलं.