नदीपलीकडची दोन मुलं

हॉटेलच्या लॉबीत उदाचा वास आला की मला आखातातल्या अल बर्शातला तो हॉल आठवतो आणि डोकं तापतं. मंदीचं वर्ष होतं. आमच्या बांधकाम कंपनीतली निम्मी माणसं काढून झाली होती आणि उरलेल्यांचं मनोबल वाढवायला साहेबांनी त्या हॉलमध्ये सभा बोलावली होती. पडद्यावर बर्फातून अनवाणी चालणारे क्रांतिकारी सैनिक दाखवून ते म्हणाले, "हरत आलेले हे लोक सेनापतीच्या एका भाषणाने पेटून उठले. टीम, तुम्हीही तसंच लढा!" तेव्हा आमचे वयस्कर बांगलादेशी इंजिनिअर उभे राहिले. कोवळ्या वयात ते आपल्या देशाच्या मुक्तिसंग्रामात लढले होते. शांतपणे म्हणाले, "सर, हम भी हार रहे थे, लड़के भाग रहे थे. कमांडर ने भाषण नहीं दिया. दो ज़ख्मी लड़के नदी के उस पार छूट गए थे, वो खुद जाकर उन्हें ले आया. उसके बाद कोई नहीं भागा. आप किसको वापस लाए?" साहेब नुसते हसले. "खलास, चला, चहा घ्या." आठवड्याभरात त्या इंजिनिअरनाच काढलं, आणि कारण काय, तर 'निगेटिव्ह ॲटिट्यूड'! आमच्या अंगाचा तिळपापड झाला. ते आपल्या सामानाचं खोकं उचलून निघाले तेव्हा कुणी काही ठरवलं नव्हतं, पण अख्खा मजला कामं टाकून त्यांच्याबरोबर टॅक्सीपर्यंत खाली उतरला आणि साहेब काचेच्या केबिनमधून बघत राहिले. त्यांचा राग मला आजही येतो. पण त्या दिवसानंतर आमच्यातलं कुणीही त्यांना घाबरलं नाही.