डिकीची गाडी घेतली न्हाई

आमच्या घरात पहिली गाडी आली ती माझ्या हट्टाची, हे मी आधीच सांगून टाकते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. स्कूटरवरून पडल्यापासून यांचा डावा पाय गुडघ्यात नीट वाकत नव्हता. पोरगा म्हणला, "आई, एसटीत बाबांचे हाल बघवत न्हाईत. आता गाडी घेऊनच टाकू."

शोरूममध्ये दोन गाड्या मनात भरल्या. एक लांब, मागं डिकीवाली; तिथला माणूस तिला सेडान म्हणत होता. दुसरी छोटी, पाठीमागून छाटल्यासारखी. हे लांब गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले, पाय सरळ केला आणि डोळे मिटून म्हणले, "अगं, हीच घेऊ. बिलकुल पलंग हाय."

मी म्हणलं, "पलंग घरी हाय की! जुन्या जालन्यातल्या आपल्या गल्लीत ही वळायची कशी? कोपऱ्यावर उभी करायची आन् तुम्ही तिथवर लंगडत जायचं? छोटी घ्या, दारात येती."

"बरं बाई. तुझी गल्ली, तुझी गाडी," म्हणले आणि हसत उतरले. उतरताना त्या दारावरून एकदा हात फिरवला, तेवढंच.

छोटी गाडी खरंच दारात यायची. दोन वर्षं मी त्याचा तोरा मिरवला.

मंग यांची कावीळ उतरेना. इथल्या डॉक्टरांनी औरंगाबादला न्यायला सांगितलं. यांचे थोरले भाऊ धावत आले आणि सवयीनं पुढच्या सीटवर बसले. आमच्यात ती सीट मोठ्या माणसाची. आणि मी लग्न होऊन आल्यापासून या थोरल्या दिरांपुढं डोक्यावर पदर घेऊन उभी. समोरून एक शब्द कधी बोललेली न्हाई. पोरगा गाडी चालवायला. दवाखान्यात राहायचं म्हणून अंथरुणाचं गाठोडं घेतलं होतं, ते मागं आमच्यातच कोंबलं. छोट्या गाडीच्या मागच्या एवढ्याशा जागेत ते मावेना, लांब गाडीची डिकी असती तर तिच्यात गेलं असतं. गाठोडं, मी, आणि दाराला टेकून हे, गुडघा पुढच्या सीटच्या पाठीला भिडलेला.

दीड तासाचा रस्ता. खड्डा आला की यांची बोटं माझ्या मनगटात रुतायची. मी हळूच विचारलं, "लई दुखून राह्यलं का?"

"न्हाई. बराबर हाय."

भाऊजी, जागा बदलता का, एवढंच म्हणायचं होतं. बदनापूरपर्यंत ते माझ्या ओठावर होतं. पुढं मी ते गिळून टाकलं.

दहाव्या दिवशी हे गेले. डॉक्टर म्हणले, गाडीचा काही संबंध न्हाई, दुखणंच मोठं होतं. मला कळतं ते. मी मरणाचं म्हणतच न्हाई, मी त्या दीड तासाचं म्हणते. त्यानंतर हे त्या गाडीत पुन्हा बसलेच न्हाईत.

वर्षश्राद्धाला स्वयंपाकघरात हे सगळं मी जाऊबाईंपाशी बोलले. थोरले दीर दाराबाहेर उभे होते, मला ठाऊक नव्हतं. तिथूनच त्यांचा आवाज आला, "मला म्हणायचं व्हतं ना, बाई. मी एसटीनं आलो असतो." आणि भिंतीला कपाळ लावून लेकरासारखे रडले.

तेव्हापासून ते पुढं बसत न्हाईत. सत्तरीचा माणूस, मागं गुडघे दुमडून बसतो. मला बघवत न्हाई. भाऊजी, पुढं बसा, असं कुणीतरी त्यांना म्हणायला पाहिजे, आणि ते मीच म्हणायला पाहिजे. गाडी सुरू होते, गल्लीच्या बाहेर पडते, आणि मी पदर सावरत गप्पच बसलेली असते.