तळघरातला बंद पंखा

दिनांक ९ मार्च. संस्थेच्या तळघरातील थंड खोलीत येत्या सोमवारच्या मोजणीसाठी चुंबकाचा विजेचा प्रवाह आणखी चढवण्यास आज हरकत घेण्यात आली. प्रमुखांनी ती चहाचा पेला रिकामा होण्याआधी फेटाळली. ही नोंद राहावी.

हरकत घेणाऱ्या बाईंना संस्थेत कुणी नावाने हाक मारीत नसे. कुणाचेही व्याख्यान रंगात आले की हमखास त्यांचा हात वर जायचा. म्हणून त्या ‘हरकतबाई’. असंख्य कण एकत्र आले की कोणत्या उंबरठ्यावर सगळे एकदम पालटतात, हे गणिताने सिद्ध करण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. वडिलांच्या माघारी धाकट्या भावाला त्यांनीच वाढवले, आणि शब्द टाकून याच थंड खोलीत नोकरीला लावले.

चुंबकाची तार सोमवारच्या चढ्या प्रवाहालाही विनारोध वाहू देईल, असे प्रमुखांचे गणित सांगत होते. बाईंनी ते ओळ न् ओळ तपासले. खरा क्रम असा: आधी कणांची संख्या अनंताकडे न्यायची, मग तापमान शून्याकडे. प्रमुखांनी क्रम उलटा लावला होता. त्या क्रमात मूठभर कणांचाच हिशेब होतो, आणि मूठभर कण कधी एकदम पालटत नाहीत. बाईंनी क्रम सुधारला, तेव्हा उंबरठा नेमका सोमवारच्या प्रवाहापाशी येऊन ठेपला. तिथे तार पालटली, म्हणजे प्रवाहाला रोध करू लागली, तर तापणार, चुंबकाभोवतीचे द्रवरूप हेलियम उकळून खोली भरणार, आणि आतल्या माणसाच्या श्वासाला हवा उरणार नाही.

“क्रम बदलल्यानं काय आभाळ कोसळतं?” प्रमुख हसले. “बाई, मागच्या खेपेला केसालाही धक्का लागला नाही.”

“मागच्या खेपेला आपण उंबरठ्याच्या अलीकडे होतो.”

रात्री जेवताना भाऊ म्हणाला, “ताई, तुला अनंताची काळजी, मला सोमवारच्या हजेरीची.”

“निदान पंखा तरी चालू ठेव.”

खोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा मोजणीच्या वेळी बंद ठेवायचा, ही तिथली रीतच होती. त्याच्या कंपनाने आलेख बिघडे.

“आणि बोलणी काय तू खाणार? आधीच हल्ली आलेखाची रेघ थरथरतेय. वरच्या टोकाला तर फारच.”

बाईंचा घास हातातच राहिला. “कशानं?”

“पंख्यानं. दुसरं काय?”

“पंखा तर बंद असतो.”

भावाने मान वर केली. पालटण्याआधी कण असेच चुळबुळतात, हे बाईंनी त्याला कधी सांगितले नव्हते. आता सांगायची गरजही उरली नाही.

“प्रमुखांना दाखवलीस ती रेघ?”

“दाखवली ना. म्हणाले, पंखा नीट बंद कर.” तो हसायला गेला, पण हसू ओठांवरच विरले. “मी नाही म्हटलं तर दुसऱ्याला बसवतील, ताई.”

सोमवारची वेळ अद्याप बदललेली नाही. वाचकहो, हळहळ नको. तुमच्यापैकी ज्यांच्या सहीवाचून तो प्रवाह चढत नाही, त्यांनी सही करू नये. आणि पंखा चालू असल्याशिवाय त्या खोलीत कुणालाही पाठवू नये.